शेवभाजी आडनावाची मुलगी

स्क्रीनवर दोन रूपाली बोरसे होत्या. नाव एक, जन्मतारीख एक, वडिलांचं नाव एक, बी.एड.चा सीट नंबर एक, पत्तासुद्धा एकच, कोसाडचा. फोटो मात्र दोन वेगळ्या बायकांचे. एकीनं मस्कतच्या एका शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून अर्ज केला होता, दुसरीनं बहरीनच्या. दोन्ही शाळा आमच्या क्लायंट. सॉफ्टवेअरनं दोन्ही फायलींवर लाल पट्टी टाकून ठेवली होती, ‘डुप्लिकेट’.

धवलभाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. हे माझे बॉस. वयानं माझ्या मुलाएवढे, पण खुर्ची मोठी.

“पाटीलबेन, आमां साची कोण?”

यातली खरी कोण, एवढाच प्रश्न होता. उत्तर द्यायला मला जे करावं लागलं ते सगळं आमच्या कामाच्या यादीत बसत नाही, म्हणून इथे सांगते.

आधी काम काय ते सांगते. सुरतेत रिंग रोडला आमचं ऑफिस आहे. आम्ही बीजीव्ही करतो, म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन. एखाद्या शाळेला, हॉस्पिटलला माणूस नोकरीवर घ्यायचा असतो. तो सांगतो ते खरं आहे का, हे आम्ही तपासतो. डिग्री खरी का, आधीची नोकरी खरी का, पत्त्यावर तो राहतो का. शेवटी फाइलला रंग द्यायचा. सगळं ठीक असेल तर ग्रीन. काही कमी असेल तर अंबर, म्हणजे पिवळट. खोटं सापडलं तर रेड. रेड मिळालेल्या माणसाला ती नोकरी तर जातेच, पण तो रंग त्याच्या नावामागे राहतो. पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत अर्ज केला तरी तो वर येतो. म्हणून मी रेड देताना हात आखडता घेते. धवलभाई म्हणतात, पाटीलबेनना लाल रंगाची ॲलर्जी आहे.

बाकी माझा स्वभाव चौकस. घरी याला भोचकपणा म्हणतात, ऑफिसात याचा पगार मिळतो.

दिवाळीनंतरची लाभपाचम होऊन ऑफिस नुकतं उघडलं होतं. कामाचा ढीग साचला होता. मस्कतच्या शाळेला नवीन टर्मसाठी शिक्षिका हवी होती, त्यांनी पहिल्या रूपालीला निवडलंही होतं. फक्त आमचा रिपोर्ट अडला होता. त्या शाळेचा मेल येऊन पडला होता की उद्या संध्याकाळपर्यंत रिपोर्ट द्या, नाहीतर आम्ही वेटिंगवरच्या उमेदवाराला घेतो. म्हणजे त्या मुलीची नोकरी आता आमच्या हातात होती, आणि ती मुलगी नक्की कुठली हेच आम्हाला माहीत नव्हतं.

मी दोन्ही फायली शेजारी शेजारी लावल्या. सोयीसाठी आपण मस्कतवालीला पहिली म्हणू आणि बहरीनवालीला दुसरी.

पहिलीची फाइल बघून कुणाच्याही कपाळावर आठी पडली असती. आधार कार्ड मास्क केलेलं, म्हणजे नंबरचे शेवटचे आकडे तेवढे दिसतात, बाकी फुल्या. त्यावरचा फोटो शाळकरी वयातला, सख्खी आई ओळखणार नाही असा. पासपोर्ट दिलेलाच नाही. तिथे टीप, ‘व्हिसाच्या वेळी दाखवीन.’ प्रत्येक सर्टिफिकेटवर तिरप्या अक्षरात एक ओळ छापलेली, ‘फक्त मस्कतच्या अर्जासाठी’. सध्याच्या शाळेत चौकशी करू नये, या चौकोनात टिक. आणि फोन लावला तर उचलत नाही. आमच्या पोरींनी किती वेळा लावला होता. शेवटी मेल केला, तर तिचं उत्तर आलं की तुम्ही कोण, कुठली माहिती कशासाठी हवी ते लिहून कळवा, मी पोर्टलवरच उत्तर देईन.

पोर्टलवर खातं उघडताना एक सिक्युरिटी प्रश्न असतो. फोनवर बोलणारा माणूस तोच आहे ना, याची खात्री करायला आम्ही तो विचारतो. प्रश्न ठरलेला, आईचं माहेरचं आडनाव. पहिलीनं तिथे उत्तर लिहिलं होतं, शेवभाजी.

“शेवभाजी कोई सरनेम छे?” धवलभाईंनी विचारलं.

मी म्हटलं, नाही. आमच्याकडे जेवणात असते.

आता दुसरीची फाइल. बघून डोळे निवावेत अशी. आधार कार्ड स्वच्छ, पूर्ण नंबर, फोटो अर्जावरच्या फोटोशी तंतोतंत. सर्टिफिकेटांवर ओळ नाही, रेघ नाही. आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा मोबाइल नंबर दिलेला. त्यांनी पहिल्या रिंगला फोन उचलून तिची तोंड भरून स्तुती केली. आईचं माहेरचं आडनाव, सोनवणे. अगदी सरळ. युनिव्हर्सिटीनंही कळवलं होतं की या नावाची, या नंबरची डिग्री आम्ही दिली आहे. पण डिग्री दोघींची एकच असल्यामुळे त्याचा उपयोग शून्य होता.

धवलभाईंचा निकाल लागला होता. लपवते ती चोर. पहिलीला रेड द्या, दुसरीला ग्रीन द्या, पुढची फाइल घ्या.

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. फक्त एक गोष्ट टोचत होती. इतकं गुळगुळीत काम मी या नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. खऱ्या माणसाच्या कागदात काहीतरी राहून गेलेलंच असतं. सही तिरकी असते, मधल्या नावाचं स्पेलिंग एका ठिकाणी वेगळं असतं. मी म्हटलं, दुसरीशी एकदा मी बोलते.

फोन लगेच उचलला. आवाज गोड, हिंदी सफाईदार. मी मराठीत सुरू केलं तर म्हणाली, मॅडम, प्रोफेशनल कॉल आहे, हिंदी किंवा इंग्लिश चालेल का? यावरून मी काही ठरवलं नाही. सुरतेत वाढलेली आमची पोरं घरातसुद्धा गुजराती-हिंदीत भांडतात. माझा मुलगा माझ्याशी मराठीत बोलतो तो फक्त पैसे हवे असले की.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. तिनं सगळ्याची उत्तरं दिली. जन्मतारीख विचारली तर तारीख दिली, वार दिला, आणि न विचारता जन्मवेळही दिली, मिनिटासकट. जन्मगाव विचारलं तर म्हणाली अमळनेर तालुका, आणि आजोळ त्याच्या शेजारचं, मामा तिथे शेती करतात. आईचं माहेरचं आडनाव सोनवणे.

मी आभार मानून फोन ठेवला आणि बसून राहिले. नोकरीच्या फोनवर जन्मवेळ कोण सांगतं? मी हे काम इतकी वर्षं करते आहे. मला पगाराची अपेक्षा सांगतात, आधीचा बॉस किती वाईट होता ते सांगतात. जन्मवेळ आजवर कुणी सांगितली नव्हती. जन्मवेळ, आजोळ, मामा हे सगळं एकाच ठिकाणी एका दमात येतं, आणि ते ठिकाण म्हणजे लग्नाचा बायोडाटा.

मग मी तिच्या डिग्रीचा फोटो मोठा करून पाहिला. सॉफ्टवेअरनं कोपऱ्यात एक डाग दाखवला होता आणि बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘रंगात फरक, छेडछाडीची शक्यता’. पोरींनी स्कॅनर घाण असेल म्हणून सोडून दिलं होतं. मी आणखी मोठा केला. लाल डाग. वरून खाली ओढलेला, वर जाड, खाली निमुळता. अंगठीच्या बोटाचा. त्याच्या शेजारी फिकट पिवळा ठिपका. आणि फोटो जिथे कापला होता त्या कडेला हिरवट काहीतरी, मधोमध चीर असलेल्या पानाचा तुकडा.

ते आपट्याचं पान होतं.

आमच्या खानदेशात दसऱ्याला ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा होते. सुरतेत आलेली माणसं लूम पूजतात, टेम्पो पूजतात, शिलाई मशीन पूजतात. माझी आई विळा पूजायची. मी दरवर्षी लॅपटॉपला हळदकुंकू लावते, धवलभाईंना ते फार आवडतं. तर इथे कुणीतरी पाटावर बी.एड.ची डिग्री ठेवली होती आणि तिला बोट ओढलं होतं. कागदावर कुंकू पडलं की ते निघत नाही.

मी धवलभाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि म्हणाले की मग तर झालंच. पहिलीच्या कॉपीवर डाग नाही, दुसरीच्या आहे, म्हणजे ओरिजिनल दुसरीच्या घरात आहे. पहिलीनं जुना स्कॅन कुठून तरी ढापला.

बोलणं चुकीचं नव्हतं. पहिलीनं स्कॅन अपलोड केला होता नवरात्राच्या आधी, तेव्हा कागद कोरा होता. दुसरीचा फोटो दसऱ्यानंतरचा. हिशेब दुसरीच्या बाजूनं जात होता. पण ज्या मुलीच्या घरात डिग्रीला कुंकू लावतात ती मुलगी डिग्रीचा नीट स्कॅन करायचा सोडून पाटावरचा, पानाचा तुकडा दिसणारा फोटो नोकरीसाठी पाठवील? आणि तोही कापून? मला ते काही पटेना.

“पत्ता एकच आहे ना,” मी म्हटलं. “मी जाऊन बघते.”

ॲड्रेस चेकला एरवी आमची फील्डवरची मुलं जातात. पण मी अमरोलीला राहते, कोसाड माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. धवलभाई म्हणाले की उद्या दुपारपर्यंतच, नंतर मी रंग भरणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोसाडला गेले. चार मजली बिल्डिंग, जिन्यात साड्यांचे गठ्ठे, प्रत्येक दारात कुणी ना कुणी बाई खडे चिकटवत किंवा धागे कापत बसलेली. बोरसे दुसऱ्या मजल्यावर. दार उघडंच होतं. आत पन्नाशीच्या बाई एका साडीवर टिकल्या लावत होत्या. मी म्हटलं, रूपाली बोरसे इथेच राहतात का, मी त्यांच्या नोकरीच्या कामासाठी आले आहे.

“या ना ताई, बठा,” त्या उठल्याच. “पोर शाळामा गयेल शे, येईच आते.”

मुलगी शाळेत गेली आहे, येईलच. मी कोण, कुठून आले, हे त्यांनी विचारलं नाही. चहा टाकला. माझं माहेर चोपड्याकडचं असं मी म्हटल्यावर तर विषयच संपला, मी घरचीच झाले. चहा उकळेपर्यंत मला कळलं की यजमान लूमवर होते, दम्यामुळे बसले, आता कडोदऱ्याला एका युनिटच्या गेटवर असतात. पोर लहानपणापासून हुशार. मस्कतला निवड झाली. तिथल्या पगारात आधी बापाचे उपचार, मग स्वतःचं घर, असं पोरीनं ठरवलं आहे. सांगता सांगता त्या देवघराकडे गेल्या आणि गणपतीच्या मागून एक प्लास्टिकची पिशवी काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. आत रूपालीचा पासपोर्ट, आधार, डिग्री, सगळं ओरिजिनल.

डिग्रीच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट होतं. वर जाड, खाली निमुळतं, शेजारी हळद.

मी पिशवी हातात धरून बसले होते एवढ्यात सुट्टीतले जादा तास उरकून रूपाली आली. खांद्याला पर्स, हातात वह्यांचा गठ्ठा. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, पुढे येऊन पिशवी काढून घेतली आणि मग नमस्कार केला.

“तुमचं आयडी दाखवता का?”

मी कार्ड दिलं. तिनं ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग स्वतःच्या मोबाइलवर आमच्या कंपनीची वेबसाइट शोधली, तिथला नंबर काढला आणि ऑफिसला फोन लावला. कार्डावर नंबर होता. पण कार्ड छापणाऱ्यानं नंबरही स्वतःचाच छापला असेल तर, असा तिचा हिशेब. फोनवर आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीला तिनं माझं वर्णन विचारलं. चष्मा, ठेंगणी, बडबडी, हे शब्द मला पलीकडून ऐकू आले. मग फोन ठेवून ती म्हणाली, “सॉरी मॅडम. बसा.”

मी मनात म्हटलं, हीच शेवभाजी.

तिच्या आईला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. घरी आलेल्या पाहुणीला असं विचारतात का? मी म्हटलं, विचारतात. तुम्हीही विचारायला हवं होतं.

मग मी रूपालीला सगळं विचारलं. फोन का उचलत नाहीस? ती म्हणाली की तिच्या मैत्रिणीला परदेशी शाळेच्या नावानं असाच फोन आला होता. इंटरव्ह्यू झाला, कागद मागितले, आधार, पासपोर्ट, बँकेचं पासबुक, आणि तिनं सगळं दिलं. शाळा नव्हतीच. त्या कागदांवर भलत्याच कुणी कर्ज काढलं आणि वसुलीवाले मैत्रिणीच्या दारात. तेव्हापासून रूपालीनं नियम केले. अर्जासाठी वेगळा ईमेल. प्रत्येक कॉपीवर ती कशासाठी दिली ते लिहायचं, म्हणजे उद्या ती भलतीकडे सापडली तर कुणाकडून फुटली ते कळतं. करार हातात आल्याशिवाय पासपोर्ट नाही. आणि सिक्युरिटी प्रश्नाला खरं उत्तर कधी द्यायचं नाही.

“का?” मी विचारलं. मला खरंच ऐकायचं होतं.

“मॅडम, आईचं माहेर कुणाला माहीत नसतं आपल्यात? अख्ख्या गावाला माहीत असतं. त्याला कसलं सिक्युरिटी म्हणायचं? शेवभाजी मात्र फक्त मला माहीत.”

मी या प्रश्नाचा फॉर्म रोज बघते, पण हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मला ती मुलगी फार आवडली. पण माझा प्रश्न अजून तिथेच होता. इतकी सावध मुलगी, आणि तिची डिग्री कुंकवासकट बाहेर गेली कशी?

दुसरीची फाइल मी तिला दाखवू शकत नव्हते. तिचीही माहिती शेवटी कुणाची तरी माहिती, तसा आमचा नियम आहे. मी एवढंच म्हटलं की तुझ्या नावानं आणखी एक अर्ज आला आहे, आणि त्यातला डिग्रीचा फोटो दसऱ्याच्या पाटावर काढलेला आहे. तो फोटो कुणी काढला?

रूपालीनं सावकाश आईकडे पाहिलं.

आई टिकल्यांचा डबा बंद करत होती. तो बंद होईना. शेवटी म्हणाली, “मीच काढा फोटू. भाऊले धाडा.”

भाऊ म्हणजे रूपालीचे मामा. दसऱ्याला लेकीची डिग्री पाटावर बघून आईचा ऊर भरून आला, तिनं फोटो काढून भावाला पाठवला. इथवर कुणाचंही काही चुकलं नव्हतं. पण भाचीचं लग्न जमवणं हे मामाचं काम, निदान आमच्याकडे मामाला तसं वाटतं. मामांनी बायोडाटा केला. वर ठळक, ‘मस्कत येथे शिक्षिका म्हणून निवड’. आता अशी निवड कुणीही लिहील, म्हणून पुरावा हवा. मामांनी पुरावा जोडला. कुंकवासकट डिग्री, आणि आईनं त्याच दिवशी पाठवलेली गुणपत्रकं. आणि ते सगळं समाजाच्या वधू-वर ग्रुपांवर सोडून दिलं.

“कसला बायोडाटा?” रूपालीनं विचारलं. आवाज अगदी खाली.

तिनं आईला बजावलं होतं. मस्कतला जाऊन एक वर्ष होईपर्यंत लग्नाचा विषय काढायचा नाही. आईनं मान डोलावली होती. आता आईनं पदर तोंडाला लावला.

“तू तठे गई, मंग आठे तुन्हं कोन देखी? मी काय जलमभर पुरसू?”

तू तिकडे गेल्यावर इथे तुझं कोण बघणार, मी काय जन्मभर पुरणार आहे? आईचा मोबाइल घेऊन रूपालीनं तो बायोडाटा उघडला आणि उभ्यानंच वाचायला लागली. जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मठिकाण, रास, देवक. शिक्षण, सीट नंबरासकट. वडिलांचं पूर्ण नाव, घरचा पत्ता, मोबाइल. खाली ठळक अक्षरात मामाकुळ, सोनवणे, गाव, तालुका.

“जे मी बँकेला सांगत नाही,” ती म्हणाली, “ते मामांनी सगळ्या खानदेशाला सांगून टाकलं.”

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली, कारण तिचे डोळे भरले होते. राग तिला आईवर काढता येत नव्हता, मामावर काढता येत नव्हता, आणि ज्या बाईनं ते उचललं तिचं नावही माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं लोकांच्या खोट्या कागदांमागे फिरते आहे. कागद खोटे करणारे बहुतेक चोर असतात. इथे कागद खरे होते आणि ते चव्हाट्यावर मांडणारे सगळे तिच्यावर जीव टाकणारे होते. त्याचं मला वाईट वाटलं.

“मनी पोरनी नोकरी जाई का, ताई?” आईनं विचारलं.

मी म्हटलं, अजून सांगता येत नाही. रूपाली खरी, हे मला कळलं होतं. पण मला कळून उपयोग नाही, रिपोर्टमध्ये ‘मला मुलगी आवडली’ असं लिहिता येत नाही. डोळ्यांनी पाहिलेली पिशवीही पुरेशी नव्हती, कारण धवलभाई लगेच म्हणाले असते की दुसरीला बाजू मांडायची संधी दिली का. दोघींना एकच परीक्षा द्यायला हवी होती.

मी जिन्यातूनच ऑफिसला फोन केला. आमच्यात एक जुनी युक्ती आहे. कागद खरा आहे का हे विचारायचं नाही, तो आता तुझ्या हातात आहे का हे विचारायचं. पोर्टलवरून दोघींना एकच मेसेज गेला. ओरिजिनल डिग्रीचा ताजा फोटो पाठवा, दोन्ही बाजूंचा, आणि शेजारी हातानं लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चिठ्ठीवर काय लिहायचं तो शब्द आम्ही देऊ. शब्द मी सुचवला, ‘वांगी’. धवलभाईंनी कारण विचारलं नाही, तेवढा अनुभव त्यांना माझा आहे.

रूपालीनं मेसेज वाचला. आधी तो पोर्टलवरच आला आहे ना याची खात्री केली. मग डिग्री जमिनीवर ठेवली, वहीचा कागद फाडून ‘वांगी’ लिहिलं आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढले. काढायच्या आधी त्या कुंकवावर तिनं बोट फिरवलं. दसऱ्याला याच डागावरून तिनं आईशी अबोला धरला होता म्हणे, डिग्री खराब केलीस म्हणून. अपलोड करताना फोटोवर तिनं पुन्हा ती तिरपी ओळ टाकली, ‘फक्त मस्कतच्या अर्जासाठी’. मला बघूनही टाकली.

मी ऑफिसात पोचेपर्यंत दुसरीचंही उत्तर आलं होतं. फोटो तोच, तेच बोट, तोच पानाचा तुकडा, फक्त थोडा आणखी कापलेला. ‘वांगी’ ही चिठ्ठी फोटोवर कॉम्प्युटरनं चिकटवली होती. मागची बाजू नव्हतीच. ती नंतर पाठवते, प्रवासात आहे, असं लिहिलं होतं. मामांनी मागच्या बाजूचा फोटो बायोडाट्यात टाकला नव्हता.

धवलभाईंनी दोन्ही फोटो शेजारी लावून बराच वेळ पाहिले. मग त्यांनी स्वतः दुसरीला फोन लावला. नंबर बंद. मुख्याध्यापकांना लावला. तोही बंद. आधारचा नंबर तपासायला टाकला होता, तो त्या नावाचा निघाला नाही.

“तो शेवभाजी साची,” ते म्हणाले. म्हणजे शेवभाजीच खरी.

मी म्हटलं, पहिल्यापासून.

संध्याकाळी मस्कतला रिपोर्ट गेला. ग्रीन. सोबत एक टीप, की उमेदवाराच्या नावानं तोतयागिरी झाली आहे, उमेदवाराची चूक नाही. बहरीनच्या फाइलला रेड, पण तो रंग रूपालीच्या नावामागे लागणार नाही अशी नोंद करून. त्या दिवशी मला लाल रंगाची ॲलर्जी झाली नाही. रूपालीनं सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवली, बँकेत जाऊन तिथे नोंदवलेला मोबाइल नंबर बदलला. मामांनी बायोडाटा काढून टाकला. काढला म्हणजे त्यांच्या ग्रुपवरून काढला. तो तोवर कुठे कुठे गेला असेल हे देवालाच ठाऊक, आणि एकदा सोडलेला बायोडाटा परत येत नाही. मामा जरा रुसले. भाचीचं भलं करायला गेलो आणि चोर ठरलो, असं त्यांचं म्हणणं पडलं. रूपालीनंच फोन करून समजूत काढली. लग्न ठरेल तेव्हा अक्षता वाटायचा मान तुमचाच, असं सांगितल्यावर ते विरघळले.

ती दुसरी कोण होती, हे मला अजून कळलेलं नाही. पोलिसांनाही कळलेलं नाही. मी कधीकधी तिचा विचार करते. तिला गणित शिकवता येत असेल का? मस्कतची निवड झालेल्या मुलीचे कागद घेतले की बहरीनचीही होईल, एवढाच तिचा हिशेब असेल का? तिनं घेतलेली सगळी माहिती खरी होती आणि तिनं एकही उत्तर चुकवलं नाही. तिथेच ती अडकली. खऱ्या माणसाला काहीतरी राखायचं असतं.

रूपाली मस्कतला गेली त्या सकाळी तिच्या आईचा मला फोन आला. आता आम्ही ताई-ताई झालो आहोत. त्या सांगत होत्या, निघताना पासपोर्ट पाटावर ठेवून कुंकवाचं बोट पुढे केलं, तर पोरीनं पासपोर्ट उचलून पर्समध्ये टाकला. त्यांचा जीव चर्र झाला. मग पोर त्यांच्यासमोर वाकली.

“कपायच पुढे करं तिनी,” त्या म्हणाल्या. कपाळच पुढे केलं.

तर शिकले ते एवढंच. परदेशी नोकरीचा अर्ज करणाऱ्या पोरांना आम्ही सांगतो, अनोळखी माणसापासून सांभाळा. आता मी त्यात एक ओळ वाढवली आहे, मामालाही सांगून ठेवा.

आणि त्याच संध्याकाळी मी माझ्या बँकेच्या खात्यात जाऊन सिक्युरिटी प्रश्नाचं उत्तर बदललं. प्रश्न होता माहेरचं आडनाव. माझं माहेरही पाटील, सासरही पाटील, ऑफिसच्या टेबलावरच्या पाटीवरही पाटील. नवीन उत्तर काय ठेवलं ते इथे लिहीत नाही. शेवभाजी नाही, एवढं सांगते.